तेरा वर्षांची पल्सर विकायची, नवी घ्यायची : आधी काय करू?

राजेंद्रनगरी | २४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर, राजेंद्र नगर. नोकरी पिथमपूरला, रोजचं जाऊन-येऊन पन्नासेक किमी. २०१२ साली घेतलेली पल्सर १५० आहे, मीटरवर ९६ हजार. आजवर एकदा क्लच प्लेटा, दोनदा चेन-सेट आणि मागच्या पावसाळ्यात कोन-सेट (हँडलचं बेअरिंग), एवढ्यावर निभावलं. आता मात्र सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागते, चढावर पिकअप उरलेला नाही. मिस्त्री म्हणतो ब्लॉक-पिस्टनचं काम निघालंय, सात-आठ हजार धरून चला. वीस हजारांच्या गाडीत आठ हजार घालणं काही पटत नाही.

पितृपक्षात आईने शोरूमचं नावही काढू दिलं नाही. बरंच झालं, कारण घटस्थापनेच्याच दिवशी जीएसटी उतरला. आता दसऱ्याला, फार तर धनत्रयोदशीला गाडी दारात यावी असा बेत आहे.

ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, पावणेदोन लाखांच्या वर जायचं नाही. माझी उंची पाच फूट चार. रविवारी बायकोसह महूला सासुरवाडी, वर्षातून दोन-तीनदा महेश्वर नाहीतर जानापाव. डोक्यात तीन गाड्या आहेत: हंटर ३५०, अपाचे आरटीआर १६० फोर-व्ही, पल्सर एन१६०. बायकोचं म्हणणं, शाईन घ्या आणि उरलेल्या पैशांत फ्रिज.

दोन प्रश्न. यांतली कुठली? आणि जुनी शोरूमला एक्सचेंजमध्ये टाकू की बाहेर विकू?

घाटात_तिसरा_गिअर | २४ सप्टेंबर, रात्री ११:०५

भिया, अपाचे. विषय संपला.

माळवी_काका | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

विषय असा संपत नसतो बाळा. मी पिथमपूरलाच तीस वर्षं काढली. कायनेटिक होंडा स्कूटर तिथे बनायची तेव्हा गेटबाहेर त्यांची रांग लागलेली असे, आणि आम्ही सायकलवाले बघत बसायचो. राजेंद्रनगरींच्या यादीत पिथमपूरची गाडी नाही म्हणून सांगतो. २०१८ मध्ये जावा परत आली ती पिथमपूरच्याच कारखान्यातून. जुनी जावा-येझदी म्हैसूरची, १९९६ ला बंद पडली. आता ती आपल्या शेजारची. जावा ४२ ची सीट ७८८ मिमी, तुमच्या उंचीला बरोबर. एकदा बसून तरी बघा. बाकी मी स्वतः अॅक्टिव्हावर आहे, गुडघ्यांमुळे.

चिंचवडकर | २५ सप्टेंबर, सकाळी ९:१५

थोडं बजेट वाढवून ट्रायम्फ स्पीड ४०० का बघत नाही? ३९८ सीसी, आमच्या चाकणला बनते. एकदा चालवली की १६० वगैरे खेळणी वाटतात.

राजेंद्रनगरी | २५ सप्टेंबर, सकाळी ९:४०

@चिंचवडकर दादा, "थोडं" हा शब्द पुण्यात किती हजारांचा असतो?

मिस्त्रीचा_मुलगा | २५ सप्टेंबर, दुपारी १:२०

स्पीड ४०० गाडी म्हणून चांगलीच आहे, पण नवा जीएसटी नीट बघा. ३५० सीसीपर्यंत २८ चा १८ टक्के झाला. ३५० च्या वर उलटं झालंय, आधी सेस धरून ३१ टक्के होता तो आता ४०. किमतीत कंपनी स्वतः काही सोसत असेल ती गोष्ट वेगळी, पण सरकारने रेघ ३५० वर ओढली आहे, आणि हंटरचं इंजिन ३४९ सीसीचं. या वर्षी ३४९ हा आकडा शुभ.

अजून एक. शोरूमवाले बोर्डावर "१०% कमी" लिहून बसलेत, तसं नसतं. शंभराची गाडी आधी १२८ ला पडायची, आता ११८ ला. १२८ वर दहा म्हणजे पावणेआठ टक्के. दीड लाखाची गाडी साधारण एक लाख अडतीसला यायला हवी. ही एक्स-शोरूमची गोष्ट. त्यावर लाइफटाइम टॅक्स, विमा, आणि मग ते "अॅक्सेसरी पॅक" नावाचं गाठोडं.

रामबागची_सून | २५ सप्टेंबर, दुपारी ३:१०

मागे बसणाऱ्यांच्या वतीने बोलते. मी सहा वर्षं नवऱ्याच्या मागे बसले आणि मग वैतागून स्वतःची एसपी १२५ घेतली, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. तुम्ही तिघं-चौघं सीसी-सीसी करताय, पण यातल्या कुठल्या गाडीच्या मागच्या सीटवर साडी नेसून महूपर्यंत बसता येतं ते कोणी विचारलं नाही. वहिनींना शोरूमला घेऊन जा. त्यांनी बसायचं, उतरायचं, परत बसायचं. पायाला फुटरेस्ट लागतं का, धरायला काही आहे का, साडी गार्ड बसतं का. सेल्समनला कंटाळा आला तरी चालेल.

आता हिशोब. रोज ५० किमी, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १,२५० किमी. शाईनने ५५ चा एव्हरेज दिला तर २३ लिटर. १६० वाल्यांनी ४५ दिला तर २८. हंटरने ३५ दिला तर ३६. आपल्याकडे पेट्रोल १०६ च्या घरात आहे. महिन्याचे २,४००, ३,००० आणि ३,८०० रुपये. हंटर आणि शाईनमध्ये महिन्याला चौदाशेचा फरक, वर्षाला साडेसोळा हजार. वहिनींचा फ्रिज दर दोन वर्षांनी येऊ शकतो.

घाटात_तिसरा_गिअर | २५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

ताई, असा हिशोब केला तर माणूस बसनेच जाईल.

रामबागची_सून | २५ सप्टेंबर, दुपारी ३:३२

जावं की मग.

बडोद्याचा_पाहुणा | २५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

बजाजची सीएनजी फ्रीडम कोणीच काढली नाही? जुलै २०२४ मध्ये आली तेव्हा जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल म्हणून गाजली होती. दोन किलो सीएनजी, दोन लिटर पेट्रोल. इथे बडोद्यात ऑफिसातल्या दोघांकडे आहे, खर्चाच्या बाबतीत दोघंही खूश. रोजच्या पन्नास किमीला विचार करण्यासारखी.

मिस्त्रीचा_मुलगा | २५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२५

खर्चाला तोड नाही. पण सीट ८२५ मिमी आहे. पाच फूट चारचा माणूस सिग्नलला एका पायाच्या अंगठ्यावर उभा राहील, आणि राऊच्या पुढे ट्रक-कंटेनर असतात. बाकीच्यांच्या उंच्या देऊन ठेवतो: हंटर ७९०, एन१६० ७९५, अपाचे ८००. हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण हंटरचं वजन १८१ किलो आहे आणि एन१६० चं दीडशेच्या आसपास. पार्किंगमधून मागे ढकलत काढताना तो तीस किलोंचा फरक कमरेला कळतो.

हंटर घेतलीच तर एकदम खालचं मॉडेल घेऊ नका. त्याला स्पोकची चाकं, ट्यूबचे टायर, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. वरच्या मॉडेलांना अलॉय, ट्यूबलेस, दोन्हीकडे डिस्क आणि दोन्हीकडे एबीएस. पिथमपूर रोडला खिळे-पत्रे काय पडलेले असतात ते तुम्हाला माहीत आहे. रात्रपाळीहून येताना ट्यूबचा टायर बसला तर पंक्चरवाला शोधत गाडी ढकलायची. ट्यूबलेस असेल तर खिळा तसाच ठेवून हवा बघत बघत घरी येता येतं.

राजेंद्रनगरी | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

आज चार शोरूम झाले, बायको बरोबर होती. @रामबागची_सून ताई, तुमचं ऐकून तिने खरंच प्रत्येक गाडीवर तीन-तीनदा बसून बघितलं. तिसऱ्या ठिकाणी सेल्समनने स्वतःहून स्टूल आणून दिलं.

हंटर मनात भरली. आवाज, बसण्याची ढब, सगळं. पण स्टँडवरून काढून वळवताना मी दोनदा अडलो, आणि बायकोने काही न बोलता माझ्याकडे बघितलं. अपाचे चपळ आहे, मला आवडली, तिला मागची सीट उंच वाटली. जावावरही बसलो काका, तुमच्या शब्दाखातर. देखणी आहे. एन१६० वर बसलो आणि काही नवीन वाटलंच नाही, हात आपोआप जागच्या जागी गेले. हे चांगलं की वाईट ते कळेना.

जुन्या गाडीचं सांगतो. शोरूमला एक्सचेंजमध्ये बारा हजार म्हणाले. वर म्हणाले, "सर, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, बाकीचं आम्ही भरतो, तुम्हाला आरटीओला यायची गरज नाही." तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, सगळं कोरं. सोय चांगली वाटली, पण बारा हजार कमी वाटले म्हणून "कळवतो" सांगून आलो.

कागदपत्रे_पूर्ण | २८ सप्टेंबर, रात्री ११:३०

सही केली नाहीत ना? मग झोपण्याआधी हे वाचा. लांब आहे, पण माझे एक लाख दहा हजार आणि अडीच वर्षं गेली आहेत, तेव्हा एवढं लिहायचा मला हक्क आहे.

२०१४ मध्ये मी माझी स्कूटर विकली. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक ओळखीतला होता, नाव घेत नाही. नऊ हजार रोख दिले, कोऱ्या २९-३० वर सह्या घेतल्या, "भिया, महिन्याभरात नाव चढून जाईल." मीही निर्धास्त. गाडी गेली, पैसे आले, विसरून गेलो.

२०१७ मध्ये घरी नोटीस आली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. माझ्या स्कूटरने देवास रोडला एका पायी चालणाऱ्या माणसाला उडवलं होतं, पायाचं हाड मोडलेलं. चालवणारा कोण, मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. गाडी एव्हाना तिसऱ्या हातात गेली होती. प्रत्येकाने पुढच्याला त्याच माझ्या सह्यांचे कागद दिले होते आणि आरटीओत कोणीच गेलं नव्हतं. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव माझंच. वर कहर म्हणजे विमा २०१५ ला संपला तो कोणी भरलाच नव्हता. विमा असता तर कंपनीने दिले असते. नव्हता, म्हणून मालकाने द्यायचे. मालक मी!

मी वकिलांना म्हटलं, अहो, गाडी तर मी विकलीय. ते म्हणाले, कुठे लिहिलंय? माझ्याकडे पावतीसुद्धा नव्हती. धंदेवाल्याने तोवर दुकान बंद केलं होतं. खटला चालू असतानाच २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निर्णय आला, तोही नेमका याच प्रकारचा: गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. कोर्ट म्हणालं, मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, अपघातग्रस्त माणसाने गाडी कोणाकोणाकडे फिरली त्याचा माग काढत बसायचा नाही. आमच्या वकिलांनी तो निर्णय माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, आता तडजोड करा. केली.

ज्याचा पाय मोडला तो तारखेला काठी घेऊन यायचा. त्याच्यावर रागावताही येत नव्हतं, त्याची काय चूक.

म्हणून तुम्हाला सांगतो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ म्हणजे तुमचं कळवणं, फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा दोघांचा अर्ज. कोऱ्या कागदावर सही करणं म्हणजे कोऱ्या चेकवर केल्यासारखंच. धंदेवाल्यालाच द्यायची असेल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून तशी सोय आहे: नोंदणीकृत डीलरने गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९-सी ने ऑनलाइन कळवता येतं, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्याची. "ते नंतर करू" म्हणाला की उठायचं.

माळवी_काका | २९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

वाचून चहा गार झाला. माझी १९९८ ची लुना कोणाच्या नावावर आहे ते आज बघतो.

बडोद्याचा_पाहुणा | २९ सप्टेंबर, सकाळी १०:००

माझ्याकडून एक भर. गिऱ्हाईक बाहेरच्या राज्यातलं असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. मी इंदूरहून बडोद्याला बदलीवर आलो तेव्हा एमपी-०९ ची गाडी जीजे-०६ करताना या एनओसीसाठी दोन खेपा झाल्या. तुमचा महाराष्ट्रातला कुणी भाचा-पुतण्या "मला द्या काका" म्हणाला तर जपून.

राजेंद्रनगरी | २९ सप्टेंबर, रात्री ८:१५

@कागदपत्रे_पूर्ण दादा, काल रात्री झोप लागली नाही हे खरं सांगतो. एक्सचेंज रद्द. बाहेर विकतो, नाव चढवूनच.

आरसी काढून बघितली तर नवीनच भानगड. मागे बँकेचं नाव आहे, हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा. कर्ज २०१५ लाच फिटलंय! तेव्हा बँकेने पत्र दिलं होतं, ते कपाटात मिळालंही, पण आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा असतो हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. दहा वर्षं गाडी बँकेकडे गहाण आणि मी मालक समजून हिंडतोय.

कागदपत्रे_पूर्ण | २९ सप्टेंबर, रात्री ८:४०

निम्म्या इंदूरची हीच गत आहे. बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. दहा वर्षांपूर्वीचं पत्र चालणार नाही, शाखेतून ताजी एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती बँकेच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. शाखा बदलली असेल, दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, काहीही असेल, आजच सुरुवात करा. दसऱ्याला नवी घ्यायला काही अडत नाही, अडते ती जुनी विकायला.

घाटात_तिसरा_गिअर | ३० सप्टेंबर, रात्री ९:१०

या धाग्यात आता गाडी कमी आणि फॉर्म जास्त झालेत. राजेंद्रनगरी भिया, टेस्ट राईड कुठे घेतली? शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर पाचशे मीटर? त्याने काही कळत नाही. मागे वहिनींना बसवून घ्या आणि एखादा चढ शोधा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू जाऊन बघा गाडी कुरकुरते का. मानपूरच्या घाटात ट्रकमागे अडकलात की तेच होणार आहे. आणि हो, अपाचेच.

राजेंद्रनगरी | ३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

घेतली. काल दसऱ्याला. एन१६०.

शिव्या द्या. कारण सांगतो. बुधवारी तिन्ही गाड्या बायकोला मागे बसवून परत चालवल्या, चढही शोधला. हंटरचा मोह सुटत नव्हता. मग घरी येऊन ताईंचा हिशोब कागदावर परत मांडला. हंटर आणि एन१६० मध्ये महिन्याला आठ लिटरचा फरक, साडेआठशे रुपये. पैशांनी मी मेलो नसतो. पण वर्षातले तीनशे दिवस मी पिथमपूरला जातो आणि तीन दिवस महेश्वरला. त्या तीन दिवसांसाठी तीनशे दिवस तीस किलो जास्तीचं ढकलायचं कशाला? दोन्ही चाकांना एबीएस, ट्यूबलेस, चौदा लिटरची टाकी, आणि ऑन-रोड दीड लाखाच्या आत. पल्सर गेली, पल्सर आली. आईने आपट्याचं पान हँडलला बांधलं, लिंबं चाकाखाली ठेवली, मुलीने हॉर्न दाबून गल्ली उठवली.

अॅक्सेसरी पॅकमध्ये लेग गार्ड, साडी गार्ड सोडून सगळं नाकारलं. "हँडलिंग चार्जेस" नावाची एक ओळ होती, ती कशाची ते लिहून द्या म्हटलं तर ओळच गेली. हेल्मेट मात्र मागून घेतलं. गाडीसोबत ते द्यावं लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. आणि ऑगस्टमध्ये इंदुरात हेल्मेटशिवाय पंपावर पेट्रोलही मिळत नव्हतं, तेव्हा ते हवंच.

चिंचवडकर | ३ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

अभिनंदन. पुढच्या वेळी स्पीड ४००.

रामबागची_सून | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

अभिनंदन! फ्रिजचं काय?

राजेंद्रनगरी | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

पंचवीस हजार वाचलेत ते तिला कळलंय. फ्रिज बुक आहे. (फ्रिजवर जीएसटी आधीपासूनच १८ होता, तिथे काही उतरलं नाही. तिला सांगू नका, ती त्याच आनंदात आहे.)

मिस्त्रीचा_मुलगा | ३ ऑक्टोबर, दुपारी २:४५

अभिनंदन भिया. पहिले पाचशे किमी एकाच वेगात ताणू नका आणि पहिली सर्व्हिस चुकवू नका. नव्या गाडीचा विमा बघून घ्या: थर्ड पार्टी पाच वर्षांची, स्वतःच्या नुकसानीची फक्त एक वर्षाची. वर्षभराने ती संपेल आणि लोकांना वाटतं पाच वर्षं निश्चिंत.

जुनीला गिऱ्हाईक दाखवताना ब्लॉक-पिस्टनचं काम लपवू नका, आणि करूनही देऊ नका. केलंत तर आठ हजार जातात आणि किंमत तीन-चार हजारच वाढते. धुवा, ऑइल बदला, चेन ताणा, पीयूसी काढा. फार चकाचक पॉलिश केलेली जुनी गाडी बघितली की गिऱ्हाईकाला संशयच येतो.

राजेंद्रनगरी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नवी एनओसी आली. शाखेत तीन चकरा. पहिल्यांदा "सिस्टीममध्ये तुमचं खातंच दिसत नाही", दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा मी डबा घेऊनच गेलो आणि तिथेच बसलो. फॉर्म ३५ नायता मुंडल्याला आरटीओत दिलाय.

तोवर एका अॅपवर जाहिरात टाकली, २४ हजार. आलेल्या गिऱ्हाइकांची यादी:

पहिला फोनवरच म्हणाला, "लास्ट कितना?" गाडी बघितली नाही, रंग विचारला नाही.

दुसरा म्हणे फौजेत आहे, महूला पोस्टिंग, गाडी न बघताच घेतो, माणूस पाठवून उचलतो. "मैं क्यूआर भेजता हूँ, आप स्कॅन कीजिए, पैसा आ जाएगा." मी विचारलं, महूला कुठल्या भागात? माझी सासुरवाडी तिथली. फोन ठेवून दिला.

तिसरा भंवरकुआंचा क्लासला येणारा मुलगा, चार मित्र घेऊन आला. चौघांनी आळीपाळीने गाडी तापवली, सेल्फी काढले आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून गेले.

कागदपत्रे_पूर्ण | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

क्यूआरचं सगळ्यांनी लक्षात ठेवा: पैसे घ्यायला काही स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार.

चाचणीला गाडी देताना लायसन्स बघा. नसेल तर द्यायचीच नाही, त्या पाच मिनिटांतही मालक तुम्हीच असता.

राजेंद्रनगरी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

विकली. बोजा शुक्रवारी उतरला आणि आज सौदा झाला. सुदामा नगरात पोह्यांचं दुकान चालवणारा एक तरुण आहे, सियागंजातून माल आणायला गाडी हवी होती. तो मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने सायलेन्सरला हात लावून बघितला, थंड गाडी किक मारून सुरू केली, मागून निळा धूर बघितला, आणि म्हणाला, "ब्लॉक का काम है." मी म्हटलं, हो, आहे. त्यावर दोघंही जरा गांगरले. मी नाही म्हणेन म्हणून तयारीने आले होते.

आरसी २०२७ पर्यंत आहे, पुढे पाच वर्षांचं नूतनीकरण त्याला करावं लागेल, फी एक हजार आणि गाडी तपासणीला न्यावी लागेल, हेही सांगितलं. सौदा २१ हजारांना. दुसरी किल्ली मिळेना म्हणून पाचशे कमी. घरभर शोधली. साडेवीस हजार खात्यात आले.

@कागदपत्रे_पूर्ण दादांच्या सांगण्याप्रमाणे ताबा दिल्याची पावती केली. तारीख आणि वेळ दोन्ही: १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०. तिथपर्यंतचं चलान असेल तर माझं, पुढचं त्याचं. त्याचं आधार, लायसन्स, दोघांच्या सह्या, शेजारचे काका साक्षीदार. चासी नंबरची पेन्सिल-छाप घ्यायला मुलीची पेन्सिल वापरली, तिला वाटलं गाडीचं चित्र काढतोय. फॉर्म २९ आणि ३० दोघांनी मिळून भरले, एकही रकाना कोरा नाही. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की दोघं मिळून आरटीओला.

गाडी गेली तेव्हा आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पेट्रोल होतं ना रे टाकीत? सणाची रिकामी देऊ नये." होतं.

माळवी_काका | २० ऑक्टोबर, सकाळी ७:००

लुनाचा शोध लागला. माझ्याच नावावर आहे आणि माझ्याच मागच्या अंगणात आहे, तुळशीमागे. मी समजत होतो विकली.

राजेंद्रनगरी | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

आज मेसेज आला, परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघितलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव नाही. विमाही त्याच्या नावावर झाला.

घाटात_तिसरा_गिअर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

नवीचा एव्हरेज सांगा. अपाचेवाल्यांना जळायचं आहे.

राजेंद्रनगरी | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

टाकी फुल टू फुल ४७. चालवणारा मी म्हणून, तुमच्या हातात ३८ देईल.

रामबागची_सून | १४ नोव्हेंबर, रात्री ८:००

आणि ती दुसरी किल्ली?

राजेंद्रनगरी | १४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सापडली. नवा फ्रिज आला, जुना सरकवला, त्याच्या खाली. नेऊन दिली पोहेवाल्याला. पाचशे काही परत केले नाहीत त्याने. दोन प्लेट पोहे, वर जिरावन मसाला आणि शेव भरभरून, आणि जलेबी. बायकोने हिशोब केला, अजून चारशे राहिलेत, दर रविवारी जाऊया.